फाईल आहे, पण मुलाला तहान लागली तर?

परवा मैत्रिणीचा फोन आला. तिची लेक आता तीन वर्षांची होईल. सिव्हिलच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीत अडचण असलेल्या लहानग्यांना थेरपी देतात तिथे, दीड वर्ष फिजिओ, स्पीच थेरपी चालू आहे. "आता शाळेचं काय करायचं गं?"

आमच्या लेकाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी. थेरपीवाल्यांनी त्याच्यासाठी जीव ओतला, खोटं कशाला बोलू? तो बसायला शिकला तो त्यांच्याचमुळे. पण तीन पूर्ण झाली आणि "आता शाळेत घाला" म्हणून मोकळे! कुठल्या शाळेत, कोणाशी बोलायचं, काही नाही. एका प्लेग्रुपच्या बाईंनी त्याच्या थेरपीची फाईल उघडलीसुद्धा नाही. दुसरीकडे ऐकलं, "चालायला लागला की आणा."

कायद्यातही हीच फट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क आहे तो 6 ते 18 वयासाठी. त्याआधीची तीन वर्षं अंगणवाडीची. दिव्यांग मुलांना तिथे कसं सामावून घ्यायचं, याची मार्गदर्शक पद्धत केंद्राने काढली ती 2023 च्या नोव्हेंबरात.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिथे तिसऱ्या वाढदिवसाच्या निदान 90 दिवस आधी थेरपीवाले, शाळावाले आणि पालक यांची बैठक घ्यायची, असा अमेरिकेचा कायदाच आहे. भांडावं तिथेही लागतं म्हणे. पण निदान समोर कोणीतरी बसलेलं असतं.

आमच्याकडे शेवटी गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंनी घेतलं. फाईल त्यांनीही बाजूला ठेवली, पण विचारलं, "तहान लागली की कसं सांगतो हा?" एवढ्या जाड फाईलीत ते कुठेच नव्हतं! बाटलीकडे बघतो आणि उजवी मूठ आपटतो. खिचडी घोटून द्यायची. बसवताना डाव्या कमरेशी टॉवेलची गुंडाळी लावायची, नाहीतर कलंडतो. ताईंनी सगळं एका वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं.

मैत्रिणीला म्हटलं, वाढदिवसाची वाट बघू नकोस. आत्ताच फिजिओंच्या मागे लाग, अंगणवाडीला एक फोन करायला लाव आणि असं एक पान लिहून माग.

"ते सगळं इंग्रजीत लिहितात गं."

मराठीत माग. नाही दिलं तर रविवारी ये, आपण दोघी बसून लिहू.