विमानावरची चिन्हे म्हणजे पाडलेल्या विमानांचा हिशेब नव्हे

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या छायाचित्रांखाली एक विधान हमखास वाचायला मिळते: विमानावर रंगवलेले प्रत्येक चिन्ह म्हणजे त्या विमानाने, त्याच वैमानिकाच्या हातून, हवेत पाडलेले शत्रूचे एक विमान. यातला एकही भाग सरसकट खरा नाही.

चिन्हे बहुधा वैमानिकाच्या खात्यावरची असत. त्याला नवे विमान मिळाले की जुनी चिन्हे त्यावर पुन्हा रंगवली जात. एकट्याच्या पराक्रमाचा दावाही टिकत नाही, कारण ब्रिटिश आणि अमेरिकी दलांत एकाच विमानाचे श्रेय अनेकदा विभागून दिले जाई.

'हवेत' म्हणावे, तर अमेरिकेच्या आठव्या वायुदलाने जमिनीवर उभी असताना नष्ट केलेली विमानेही श्रेयात धरली. विमानवेधी तोफांच्या माऱ्यात इतक्या खाली येऊन हल्ला करणे जिवावरचे काम होते, त्यामुळे ते श्रेय मला रास्तच वाटते. पण चिन्हावरून हा फरक कळत नाही. 'शत्रूचे' या शब्दालाही अपवाद आहे. अमेरिकी वैमानिक लुईस कर्डेस यांच्या मस्टँग या लढाऊ विमानावर जर्मन, इटालियन आणि जपानी चिन्हांबरोबर एक अमेरिकी ध्वज होता. १० फेब्रुवारी १९४५ रोजी फिलिपाइन्समधील बातान बेटावर सी-४७ जातीचे एक अमेरिकी वाहतूक विमान जपान्यांच्या ताब्यातील धावपट्टीवर उतरू लागले, तेव्हा ते शत्रूच्या हाती पडू नये म्हणून कर्डेस यांनी गोळ्या झाडून त्याची इंजिने निकामी केली आणि ते समुद्रात उतरवणे भाग पाडले. आतले सर्वजण वाचले.

सर्वांत मोठी गफलत 'पाडलेले' या शब्दात आहे. चिन्ह मंजूर झालेल्या दाव्याचे असते, सापडलेल्या अवशेषांचे नव्हे. काही सेकंदांच्या चकमकीत दोघे-तिघे एकाच विमानावर गोळ्या झाडत आणि ते कोसळले की प्रत्येक जण प्रामाणिकपणे ते आपलेच समजे. धूर सोडत ढगात शिरलेले विमान पुढे तळावर सुखरूप पोहोचले का, हे पाहायला कोणी थांबू शकत नसे. अशा वैमानिकांना खोटारडे म्हणणे अन्यायाचे आहे, पण त्यांचे आकडे जसेच्या तसे इतिहास म्हणून छापणेही चूकच आहे. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटनने १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले होते. युद्धानंतर जर्मनांच्या स्वतःच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या दिवशीचे त्यांचे नुकसान सुमारे ६० विमानांचे निघाले.