इडिपस बाहुलं नव्हता

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘राजा इडिपस’ या नाटकाबद्दल एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचा आशय असा: ग्रीक शोकांतिकेत माणूस नियतीच्या हातातलं बाहुलं असतो. इडिपसचं सगळं जन्माआधीच ठरलं होतं. ते टाळायला तो पळाला, म्हणूनच फसला. वर देवांपुढे माज केला, त्याची शिक्षा भोगली. थोडक्यात काय, आपल्या प्रारब्धासारखंच. कपाळी लिहिलेलं चुकत नाही, उगाच हातपाय मारू नका.

वाचायला झकास आहे. नाटकात मात्र वेगळंच आहे.

आधी गोष्ट. थीब्ज नगराच्या लायस राजाला डेल्फीचा, म्हणजे तिथल्या अपोलो देवाच्या देवळातला, कौल मिळतो की, मुलाच्या हातून मरशील. म्हणून बाळाचे घोटे जखडून ते किथायरॉन डोंगरावर टाकायला मेंढपाळाकडे देतात. त्याला दया येते आणि मूल कॉरिंथच्या राजाच्या घरी वाढतं. मोठेपणी त्यालाही डेल्फीत तेच ऐकायला मिळतं: बापाला मारशील, आईशी लग्न करशील. तो कॉरिंथ सोडतो. वाटेत एका म्हाताऱ्याला मारतो (तोच लायस), थीब्जमध्ये स्फिंक्स या राक्षसीचं कोडं सोडवून राजा होतो, विधवा राणी योकास्ताशी, म्हणजे आपल्याच आईशी, नकळत लग्न करतो.

आणि हे सगळं पडदा वर जाण्याआधीच होऊन गेलंय. (पडदा आपला म्हणायचा, ग्रीकांकडे तो नव्हता.) बाहुल्याचा मुद्दा इथेच अडखळतो. कौलात खून होता, लग्न होतं, आणि दोन्ही टळत नव्हतं, हे मान्य. पण रंगमंचावर आपण बघतो तो तपास. साथीने थीब्जमध्ये माणसं मरतायत, लायसचा मारेकरी हाकलल्याशिवाय साथ हटणार नाही असं डेल्फी सांगते, आणि राजा शोध सुरू करतो. ‘तू हे शोधून काढशील’ असं त्याच्या कौलात कुठेही नव्हतं.

उलट जो तो त्याला थांबवतोय. आंधळा द्रष्टा टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे. इडिपस त्याला चिडवून चिडवून बोलतं करतो. योकास्ता त्याची समजूत घालायला निघते की कौलबिल काही खरं नसतं. लायसला तर तीन वाटा मिळतात तिथे लुटारूंनी मारलं. नेमका ‘तीन वाटा’ हा शब्द इडिपसच्या कानात अडकतो. लायस दिसायला कसा होता, बरोबर किती माणसं होती, वाचलं कोण, असे प्रश्न तो विचारत सुटतो. एखाद्या मुरलेल्या फौजदाराने विचारावेत तसे. पुढे योकास्ताला सगळं उमगतं आणि ती विनवते, जिवाची पर्वा असेल तर देवासाठी थांब. तो थांबत नाही.

मग बाळ ज्याच्याकडे दिलं होतं तो मेंढपाळ येतो, आता म्हातारा झालेला. इडिपस त्याचे हात पिरगळायला लावतो. मेंढपाळ म्हणतो, आता भयंकर ते बोलायची वेळ माझ्यावर आलीये. इडिपसचं उत्तर: ‘आणि माझ्यावर ऐकायची. तरी ऐकलंच पाहिजे.’ मागे फिरायला त्या क्षणी अजून वाव आहे, समोरचा माणूस तर ‘नको विचारूस’ म्हणून गयावया करतोय. ‘तरी’ हा शब्द त्याच्या तोंडी कुठल्या कौलाने घातला?

डोळ्यांचंही तसंच. योकास्ताने गळफास घेतल्यावर तिच्या वस्त्राच्या सोन्याच्या पिना उपसून तो स्वतःच्या डोळ्यांत खुपसतो. ही बातमी आणणारा सेवक आधीच बजावतो की, आत जे घडलं ते जाणूनबुजून घडलंय, आणि स्वतः ओढवून घेतलेलं दुःखच सगळ्यात जास्त सलतं. जाणता-अजाणता हा फरक सोफोक्लीसने एका साध्या सेवकाच्या तोंडी दिलाय! नंतर कोरस, म्हणजे नाटकातला थीब्जच्या वृद्धांचा मेळा, विचारतो, कुठल्या देवाने तुला असं करायला लावलं? इडिपस म्हणतो, अपोलो, माझे हे भोग अपोलोने आणले. पण घाव घातला तो माझ्याच हाताने. दोन्ही गोष्टी एका दमात. फिरणाऱ्या मजकुराने त्यातली अर्धीच उचलली. बरं, डोळे जाणार हे टायरेसियस सांगून चुकला होता, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण काय होणार ते सांगणं वेगळं आणि करायला लावणं वेगळं. हा फरक ग्रीक साहित्याचे अभ्यासक ई. आर. डॉड्स यांनी १९६६ सालच्या निबंधात नीट उलगडलाय, माझा शोध नव्हे.

माजाचा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. तो बाहुल्याच्या मुद्द्याशीच भांडतो, कारण बाहुल्याला कसला आलाय माज? शिवाय कौल लायसला मिळाला तेव्हा इडिपस जन्मलाही नव्हता. तो तापट आहे, योकास्ताच्या भावावर, क्रेऑनवर, नाही नाही ते आरोप करतो, पण ते खून-लग्नानंतर कित्येक वर्षांनी. अ‍ॅरिस्टॉटलने इडिपसच्या बाबतीत ‘हामार्तिया’ म्हटलं ती चूक, गफलत. पाप किंवा दुर्गुण नव्हे. आपल्याकडच्या गाइडांत तिचा ‘स्वभावदोष’ झाला आणि परीक्षेत तेच चालू राहिलं.

पळाला म्हणून फसला? डेल्फीला तो गेला ते एका दारुड्याने भर मेजवानीत ‘तू यांचा खरा मुलगा नव्हेस’ म्हटलं म्हणून. देवाने त्याचं उत्तर दिलंच नाही, भलतंच सांगितलं. अशा वेळी ज्यांना आई-बाप मानतो त्यांच्यापासून लांब जाणं यात पळपुटेपणा कसला? आता तीन वाटांवर त्याने हात आवरायला हवा होता, हे म्हणता येईल. पण आधी त्यालाच रस्त्यावरून ढकललं, म्हाताऱ्याने डोक्यात पराणी हाणली. कितीतरी वर्षांनी लिहिलेल्या ‘कोलोनसमधला इडिपस’ या नाटकात म्हातारा इडिपस क्रेऑनला हेच विचारतो: कुणी तुझ्या जिवावर उठला तर आधी त्याला ‘तू माझा बाप का?’ विचारशील, की हाणशील?

राहिलं प्रारब्ध. प्रारब्धामागे आपलंच मागचं कर्म असतं, हिशेब असतो. इडिपसच्या खात्यावर असं काही मांडलेलं नाटकात दिसत नाही. ग्रीकांच्या ‘मोइरा’चा मूळ अर्थ वाटा. आपण ‘वाट्याला आलं’ म्हणतो ना, ते त्याच्या जास्त जवळचं आहे.

आणि शेवट? मारेकऱ्याला हाकला, असा डेल्फीचा हुकूम होता. इडिपस स्वतःच म्हणतो, मला किथायरॉनवर जाऊ दे, आई-बापांनी माझ्या मरणासाठी निवडलेला डोंगर तो. क्रेऑन म्हणतो, थांब, देवाला पुन्हा विचारू. मग लेकींचा हात सोडायला लावून तो इडिपसला आत, राजवाड्यात पाठवतो.