सॅम्युअल म्हणजे ख्रिश्चनच ना?

सॅम्युअल नाव ऐकलं की आपल्याकडे लोक परस्पर ठरवून मोकळे, हा ख्रिश्चन. मला याचा जाम वैताग येतो. अहो मूळ माणूस हिब्रू, येशूच्या हजारेक वर्षं आधीचा, मराठी बायबलमधला शमुवेल. त्याची आई हन्ना, मूल होत नव्हतं म्हणून शिलोच्या देवळात नुसते ओठ हलवत रडत प्रार्थना करत होती तर एली याजकाला वाटलं बाई पिऊन आलीय! मग नवसाचा पोरगा झाला, तो तिने देवळालाच देऊन टाकला आणि दरवर्षी त्याच्यासाठी छोटासा झगा शिवून न्यायची. पुढे म्हातारपणी हाच शमुवेल लोकांना बजावतो की राजा मागताय खरे, पण तो तुमची पोरं रथापुढे पळवेल, पिकाचा दहावा हिस्सा उचलेल, मग बोंबलाल. लोक ऐकतायत होय! (निवडणुकीच्या दिवसांत वाचून बघा एकदा.)

बरं हे तिकडचं. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी, म्हणजे शनिवार पवित्र मानून तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या शनवार तेल्यांनी, या शमुवेलचा केला समाजी. यहेज्केलचा हसाजी, मोशेचा मुसाजी. समाजी हसाजी दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. हे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, मशीद बंदर स्टेशनच्या नावातली मशीद तीच असं सांगतात, आणि तिथला सॅम्युअल स्ट्रीटही या समाजींच्याच नावाचा.

काही शहाणे म्हणतात, इथल्यांना घाबरून नावं बदलली. मला नाही पटत. लपूनच राहायचं होतं तर दर शनिवारी तेलाचा घाणा कशाला बंद ठेवला असता, अख्ख्या गावाला कळेल असा? नाव बदललं कारण घरात मराठी होती, आडनाव गावावरून होतं, आणि मानाच्या माणसाला जी लावायचीच रीत. नंतर इंग्रजी शाळा आल्या, समाजीचा सॅम्युअल झाला आणि लोक म्हणायला लागले बघा मूळ नाव परत घेतलं. कसलं मूळ, तेही विलायती रूपच की! तिकडे इस्रायलमध्ये श्मुएल म्हणतात. १९६६ च्या साहित्याच्या नोबेलमध्ये वाटेकरी श्मुएल अग्नोन, हिब्रूत लिहिणारे, आणि १९६९ ला सॅम्युअल बेकेट, आयर्लंडच्या प्रोटेस्टंट घरातला. नाव एकच.

मला विचाराल तर या सगळ्यात समाजीच भारी. हल्ली कुणी ठेवत असेल असं वाटत नाही, पण तुमच्या ओळखीत कुणाच्या पणजोबांचं वगैरे असेल तर सांगा, त्यांच्याबद्दल ऐकायला आवडेल.