शेजाऱ्याच्या पापाची झळ: संदेष्ट्यांविषयीच्या एका समजाचा प्रतिवाद

बायबलमधील संदेष्ट्यांविषयी एक विधान सध्या अनेक जण विश्वासाने एकमेकांना पाठवत आहेत. संदेष्ट्यांनी परराष्ट्रांना दोष दिला तो केवळ त्यांनी इस्राएलाला छळले म्हणून. एरवी प्रत्येक राष्ट्र आपापल्या पापाचे फळ भोगते आणि शेजाऱ्याला त्याची झळ लागत नाही. शिवाय शेजारचे राष्ट्र कोसळले की संदेष्ट्यांना आनंदच होतो, असे त्यात म्हटले आहे. यातील एकही मुद्दा मूळ वचनांपुढे टिकत नाही.

पहिल्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. दिमिष्काने (अरामाची राजधानी, आजचे दमास्कस) लोखंडी औतांनी गिलादाची मळणी केली, म्हणजे तेथील लोकांना निर्दयपणे चिरडले, असा आमोस या संदेष्ट्याचा आरोप आहे आणि गिलाद इस्राएलाचाच प्रदेश होता. पण आमोसाच्याच ग्रंथातील दुसऱ्या अध्यायाचे पहिलेच वचन पाहा. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला, म्हणून परमेश्वर मवाबाला शिक्षा करणार आहे. अन्याय करणारा मवाब आणि सोसणारा अदोम, दोन्ही इस्राएलाबाहेरची शेजारी राष्ट्रे. इस्राएलाचा येथे काहीही संबंध नाही. यहूदातील तकोवा गावाच्या ज्या डोंगराळ भागात आमोस मेंढरे राखत असे, तेथून मृत समुद्रापलीकडचे मवाबाचे पठार दिसते. समोर दिसणाऱ्या त्या प्रदेशाने आपल्या शेजाऱ्याच्या प्रेताची केलेली विटंबना त्याच्या लेखी अपराध ठरली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढे तिसऱ्या अध्यायात तो अश्दोद हे पलिष्ट्यांचे नगर आणि मिसर (इजिप्त) येथील वाड्यांना हाक मारून सांगतो की, इस्राएलाची राजधानी शोमरोन हिच्या डोंगरांवर जमा आणि तेथे चाललेला जुलूम पाहा. शेजाऱ्यांना तो साक्षीला बोलावतो.

आनंदाचा मुद्दा थोडक्यात घेता येतो. अश्शूरची राजधानी निनवे हिच्या नाशाची वार्ता ऐकून लोक टाळ्या वाजवतात असे नहूम संदेष्ट्याच्या ग्रंथात आहेच, पण त्याचे कारणही लगेच दिले आहे: तुझ्या दुष्टाईचा उपद्रव कोणाला झाला नाही? उलट यशयाच्या सोळाव्या अध्यायात, घरट्यातून हुसकलेल्या पाखरांसारख्या मवाबाच्या कन्या आर्णोन नदीच्या उतारांपाशी (नदी ओलांडण्याच्या जागी) उभ्या आहेत. भर दुपारी तुझी सावली रात्रीसारखी कर, परागंदा झालेल्यांना लपव, अशी विनवणी तेथे आहे. मवाबाचा गर्व त्याच अध्यायात निःसंकोचपणे सांगितला आहे, आणि तरीही माझे अंतर्याम मवाबासाठी वीणेसारखे कंप पावते, असे संदेष्टा म्हणतो.

झळ लागत नाही हा मुद्दा शेवटी ठेवला, कारण त्याच्या पाठीशी वचन दिले जाते: ‘जो जीव पाप करतो तोच मरेल’ (यहेज्केल 18). परंतु तो अध्याय बाप आणि मुलगा यांच्याविषयी आहे. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, या म्हणीआड स्वतःची जबाबदारी लपवणाऱ्या पिढीला ते उत्तर आहे. देवापुढे दोषी कोण, हे तो अध्याय सांगतो. एका राष्ट्राच्या पापाचे परिणाम कुठवर पोचतात, हा प्रश्न तेथे नाहीच. त्याचे उत्तर त्याच ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात सुरू होते. यहूदाचा राजा सिद्कीया याने देवाची शपथ घेऊन बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाशी करार केला, तो मोडला आणि घोडे व सैन्य मागण्यासाठी मिसराकडे जासूद पाठवले. यहेज्केल याला राजकीय चूक म्हणत नाही, शपथभंग म्हणतो. इ.स.पू. 587-586 च्या सुमारास यहूदाची राजधानी यरुशलेम बाबेलच्या हाती पडली. यिर्मयाच्या चाळिसाव्या अध्यायावरून कळते की यहूदाचे लोक मवाब, अम्मोन आणि अदोम येथे विखुरले होते, म्हणजे एका राजाने मोडलेल्या शपथेचे निर्वासित तीन शेजाऱ्यांच्या दारी पोचले होते. त्यांतले बरेच जण परतले, तोच अम्मोनाचा राजा बालिस याच्या चिथावणीने यहूदाच्या राजघराण्यातील इश्माएलाने बाबेलने नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून केला. उरलेले लोक बाबेलच्या सूडाच्या भीतीने, यिर्मया संदेष्ट्याने निक्षून विरोध केलेला असतानाही, त्यालाच बरोबर घेऊन मिसरात गेले. तेथे तहपन्हेस येथे फारोच्या वाड्याच्या दाराशी यिर्मयाने मोठे धोंडे पुरले आणि सांगितले की, बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर आपले सिंहासन याच धोंड्यांवर मांडील आणि मिसर देशाला मार देईल.