प्राधान्य पुन्हा ‘सामान्य’

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सेवा केंद्रात पीक विम्याचे अर्ज भरताना, स्कॅन केलेल्या सातबाऱ्यांच्या पीडीएफ बनवणारा प्रोग्राम सगळा प्रोसेसर व्यापून बसतो आणि अर्जाच्या रकान्यात एकेक अक्षर उमटायची वाट पाहावी लागते. मग विंडोजमधले टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणारी खिडकी, उघडायचे, तपशिलाच्या यादीत तो प्रोग्राम शोधायचा, उजवी क्लिक करून त्याचे प्राधान्य, म्हणजे प्रोसेसरचा वेळ मिळण्यातला अग्रक्रम, ‘कमी’ करायचे, की अर्ज सुरळीत चालू लागतो. पण वीज गेली आणि संगणक पुन्हा सुरू झाला, की प्राधान्य परत ‘सामान्य’! लोडशेडिंगच्या दिवसांत हा खटाटोप मी चार-चार वेळा करतो. ‘रिअलटाइम’पासून ‘कमी’पर्यंत 6 पायऱ्या दिल्या आहेत, मग निवडलेली पायरी लक्षात ठेवण्याची सोय त्याच ठिकाणी का नसावी? प्रोग्राम सुरू करणाऱ्या ‘स्टार्ट’ आज्ञेला प्राधान्य जोडून शॉर्टकट करता येतो, हे मला ठाऊक आहे. परंतु आमच्याकडे स्कॅनरचे बटण दाबताच प्रोग्राम आपोआप उघडतो, त्यामुळे तो शॉर्टकट निरुपयोगी ठरतो. काल सोयाबीनची सोंगणी टाकून आलेले एक काका पासबुक हातात धरून काउंटरपाशी उभे होते, आणि मी तिसऱ्यांदा तीच यादी चाळत होतो.