स्लिम डस्टी आणि ‘नकले’चा आरोप : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऑस्ट्रेलियन गायक स्लिम डस्टीवरच्या माझ्या लेखाला ‘छान लेख’ म्हणून पुढे जाण्याऐवजी तुम्ही भांडलात, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं, की ऑस्ट्रेलियन कंट्री, म्हणजे तिथलं गिटारवरचं ग्रामीण वळणाचं संगीत, ही अमेरिकनांची नक्कल, सगळी गाणी गिटारच्या त्याच तीन कॉर्डांत (स्वरमेळांत) घोळवलेली, आणि मला जाणवते ती ऊब म्हणजे निव्वळ जुन्या रेकॉर्डचा मोह.

सुरुवात नकलेनंच झाली, त्यात वाद नाही. 1936 साली सिडनीत रेकॉर्ड करणारा टेक्स मॉर्टन (तोही मूळचा न्यूझीलंडचा!) अमेरिकन कंट्री गायक जिमी रॉजर्ससारखं योडेल करायचा, म्हणजे गाताना आवाज झटक्यात खालून वर, वरून खाली उडवायचा. पण दहाच वर्षांनी स्लिम डस्टीनं ‘व्हेन द रेन टम्बल्स डाउन इन जुलै’ रेकॉर्ड केलं. त्यात टेक्सास औषधालाही नाही. केम्प्सीजवळच्या खोऱ्यात, गाईगुरांत वाढलेला एकोणीस वर्षांचा पोरगा स्वतःच्याच भागातला पाऊस आणि पूर गातोय. जुलै तिथे हिवाळ्यात येतो, तेव्हा आपल्या आषाढसरी डोळ्यांपुढे आणू नका.

तीन कॉर्ड? असतील. ‘लाइट्स ऑन द हिल’ ऐका. गाणं लिहिलेलं स्लिमच्या बायकोचं, जॉय मॅककीनचं. रात्र, पाऊस, ट्रकवर जड माल आणि टेकडीवरून येणारे डोळे दिपवणारे दिवे. शेवटी कळतं, की अपघात सांगणाऱ्याचा स्वतःचाच आहे. आणि एवढं होऊनही स्लिम आवाज चढवत नाही. चहा पिता पिता सांगावं तसं, अस्सल ऑस्ट्रेलियन उच्चारात सांगतो. गिटार ठेका धरून चालते, बाकीची वाद्यं शब्दांच्या मागेच राहतात. मी ऊब म्हणतो ती ह्याला. रेकॉर्डच्या खरखरीशी तिचा काही संबंध नाही. 1973 मध्ये टॅमवर्थला पहिली गोल्डन गिटार, म्हणजे ऑस्ट्रेलियन कंट्रीचा मानाचा पुरस्कार, ह्याच गाण्याला मिळाली.

‘गोऱ्या शेतकऱ्यांचं संगीत’ हा तुमचा टोमणा मात्र पटला नाही. योर्टा योर्टा ह्या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजाचा गायक जिमी लिटल 1963 साली ‘रॉयल टेलिफोन’नं देशभर गाजला होता, तो कुठे बसवायचा?

आज नॅशव्हिलच्या, म्हणजे अमेरिकन कंट्रीच्या राजधानीच्या, साच्यातून काढलेलं बरंच काही तिथे वाजतं, तेवढ्यापुरती तुमच्या मताखाली माझीही सही. आता ऐकायला बसलात तर स्लिमचं 1957 चं ‘अ पब विथ नो बीअर’ आधी लावू नका. सगळ्यात गाजलेलं तेच, पण ती गंमत आहे. तिच्यावरून त्याचं माप काढलंत, तर आपलं भांडण पुन्हा पहिल्यापासून.