मंगळावरही रेंज फुल्ल

फोंड्यात पाऊस धो धो पडतोय, बाल्कनीत फासे मांडलेत आणि चौघे मित्र मंगळावर उतरायला उतावीळ झालेत. ज्याने-त्याने एकेक पात्र होऊन गोष्ट रंगवायचा हा खेळ, आणि त्याचे सूत्रधार तुम्ही. खेळ सुखरूप, विनाअडथळा आणि शक्य तितका कंटाळवाणा व्हावा असं वाटत असेल, तर पहिल्या अर्ध्या तासातच प्रत्येकाच्या गळ्यात वायरलेस अडकवा. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, ‘कम्युनिकेटर, १ नग’ एवढंच लिहा. वॅट, पल्ला, बॅटरी, अँटेना हे रकाने कोरे सोडा. मोलेच्या पुढे घाट लागला की आपले फोन मुके होतात हे खरं, पण ते बिचाऱ्या पृथ्वीवरचं झालं.

अंतराचा हिशेब मांडू नका. मंगळ अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटर, लांब गेला की चाळीस कोटी. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात, म्हणजे एकेरी निरोपालाच ३ ते २२ मिनिटं. ‘व्हॉल्व्ह उघडू का?’ असं पृथ्वीला विचारलं तर उत्तर सहा मिनिटांच्या आत येणं शक्य नाही, आणि टाकीत हवा उरलीय चार मिनिटांची. अशा वेळी खेळाडूंना स्वतःचं डोकं चालवावं लागतं. पाहुण्यांवर हा अत्याचार बरा नव्हे. मुख्यालयातला साहेब तत्काळ उत्तर देतो असंच ठेवा. सरकारी कचेरीतून सहा मिनिटांत उत्तर आलं असं दाखवलंत तरी ती विज्ञानकथाच ठरेल. दर २६ महिन्यांनी सूर्य मधे येतो आणि साधारण दोन आठवडे मंगळावरच्या यानांना आज्ञा पाठवणं थांबवतात, याचा तर उच्चारही नको. दोन आठवडे मालकाविना! खेळाडू उगाच शेफारतील.

क्षितिज ही आणखी एक नसती कटकट. हातातले सेट ज्या व्हीएचएफ-यूएचएफ लहरींवर चालतात त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि गोल जितका लहान तितकं क्षितिज जवळ. पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाला चंद्रावर ते जेमतेम अडीच किलोमीटरवर दिसतं. म्हणजे सपाट मैदानावर दोघांचं बोलणं पाच किलोमीटरच्या आसपास संपलं, मग सेट पाच वॅटचा असो की पन्नास. पणजी ते म्हापसा सरळ रेषेत दहाएक किलोमीटर. पर्वरीचं पठार खरवडून काढलं तरी चंद्रावर हे दोघे एकमेकांना ऐकू येणार नाहीत. एका टोकाला तीस मीटरचा मनोरा उभारला तर साडेबारापर्यंत पोचेल. पण मनोरा म्हटला की तो कुणीतरी वाहून न्यायचा, कुणीतरी ताण द्यायचा, आणि सत्राच्या शेवटी शत्रूने तो पाडायचा. एवढी नाट्यमय संधी हाती घेऊन करायचं काय?

कुणी म्हणेल, शॉर्टवेव्ह वापरू, लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, उसळतील. पृथ्वीवर उसळतात. चंद्राला त्या कामाचं आयनांबर नाही. शिवाय अँटेनाची लांबी आड येते: ७५ला मेगाहर्ट्झने भागा, लहरीच्या पाव लांबीएवढी अँटेनाची काठी मीटरमध्ये मिळते. १५० मेगाहर्ट्झला अर्धा मीटर, ठीक आहे. २७ला पावणेतीन मीटर. हेल्मेटवर पावणेतीन मीटरची काठी घेऊन हवाबंद दारातून आत शिरणारा वीर रंगवायचा मोह झाला तरी आवरा.

गुहेत बिनधास्त पाठवा, रेंज फुल्लच. चंद्रावर लाव्हाच्या नळ्या आहेत. आत दोन वळणं गेलं की बाहेरचा सेट फक्त खरखरतो, म्हणून प्रत्येक वळणावर एक छोटा रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुढे ढकलणारा सेट, टाकत जावं लागतं. रिपीटर मोजके असले तर कुठला वळसा सोडायचा यावर टेबलावर हाणामारी होते. टाळा. आणि निर्वातात सेट बंद पडला तरी दोघांनी हेल्मेटला हेल्मेट टेकवलं की आवाज काचेतून पलीकडे जातो, ही माहिती तर कुलपात ठेवा. भांडलेल्या दोन पात्रांना असं कपाळाला कपाळ लावून बोलायला लावणं म्हणजे चक्क अभिनय. त्यासाठी पेडण्यात दशावतार आहे.

आता बटण. साध्या सेटवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बटण दाबा, अर्धा सेकंद थांबा, बोला, वाक्य पुरं झाल्यावरच सोडा. आधी बोललात तर सुरुवात कापली जाते, लवकर सोडलंत तर शेवट. आपल्याकडे नकार शेवटी येतो हे लक्षात घ्या: ‘दार उघडू नको’ असं ओरडून घाईत बोट उचललं, तर पलीकडे पोचतं ‘दार उघडू’. आणि तो उघडतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर एफएमवर ज्याचा सिग्नल जोरकस तोच ऐकू येतो. दुसऱ्याला पत्ताही नसतो की आपण भिंतीशी बोललो. यातून गैरसमज होतात, गैरसमजातून कथानक निर्माण होतं आणि रात्रीचे दोन वाजतात. म्हणून तुमच्या खेळात सगळ्यांनी एकदम बोलावं आणि सगळ्यांना सगळं ऐकू यावं. ग्रामपंचायतीची सभा तशीच चालते, कुणाचं काही बिघडलंय?

गुप्ततेचं काय? ‘सांकेतिक आहे’ म्हणा, विषय संपला. संकेत फुटला नाही तरी लहर कुठून येते हे कळतं. दिशादर्शक अँटेना दोन ठिकाणी फिरवली, दोन रेषा नकाशावर ओढल्या, त्या छेदतात तिथे तुम्ही. गोव्याला हे नवीन नाही. मार्च १९४३मध्ये मुरगाव बंदरात एरेनफेल्स या जर्मन जहाजावर धाड पडली, ती त्यावरच्या चोरट्या ट्रान्समीटरसाठी होती असं सांगतात. १९५५पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी हद्दीपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. ट्रान्समीटर ट्रकवर चढवलेला. बोललं की सापडण्याचा धोका, गप्प बसलं की उपयोग शून्य. हा पेच तुमच्या बंडखोरांपुढे टाकलात, तर ते प्रत्येक वाक्य तोलूनमापून बोलतील आणि पिझ्झा थंड होईल.

गुरूपर्यंत मजल गेली तर मनगटी घड्याळातून बोलू द्या. गुरूच्याही कितीतरी पलीकडे गेलेल्या व्हॉयेजर-१ या यानाला २३ वॅटचा ट्रान्समीटर पुरतो हे खरं, पण त्यामागे यानावर ३.७ मीटरची डिश आणि पृथ्वीवर ७० मीटरची लागते. अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई. घड्याळाला डिश जोडायची तर हात उचलणार नाही. वर गुरू स्वतःच वीसेक मेगाहर्ट्झवर एवढा गोंगाट करतो की पृथ्वीवरच्या शॉर्टवेव्ह सेटवरही ऐकू यावा.

एवढं करूनही धोका उरतो तो टेबलाभोवती. गोव्यात चार माणसं जमली की त्यांतला एक जहाजावर नोकरी केलेला निघतो. तो विचारणार, ‘आणीबाणीचा चॅनल कुठला? आमच्याकडे सोळा, १५६.८ मेगाहर्ट्झ. त्यावर कान कोण ठेवणार? सुटी बॅटरी किती?’ उत्तर देऊ नका. त्याला रोबोटची भूमिका द्या. बिघडलेल्या, बिनबोलणाऱ्या रोबोटची.